आईचे इंटरफेरॉन ४२० वरून ७० वर आले, याचा अर्थ कसा लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपीच्या तीन फेऱ्या झाल्या. शस्त्रक्रियेआधी एका प्रयोगशाळेत 'एनके पेशींची क्षमता' सांगणारी रक्तचाचणी केली होती (एनके म्हणजे बिघडलेल्या पेशींना मारणाऱ्या 'नैसर्गिक मारक' पेशी). त्यात इंटरफेरॉन गॅमा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी निरोप द्यायला सोडतात ते प्रथिन, दर मिलिलिटरला ४२० पिकोग्रॅम आले. तिसऱ्या फेरीनंतर तीच चाचणी परत केली, तर ७०. सोबतच्या साध्या रक्ततपासणीत लिम्फोसाइट पेशी (पांढऱ्या पेशींची एक जात, एनके पेशी त्यातच येतात) तेव्हा दर मायक्रोलिटरला २,००० होत्या, आता ६०० आहेत. मुलगा विचारतो आहे: आईची प्रतिकारशक्ती संपली का? केमो थांबवावी का? आणि हा आकडा वर आणायला काही देता येईल का?

आधी मधल्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण त्यात वेळ घालवून चालणार नाही. या आकड्यावरून केमो थांबवू नका, पुढेही ढकलू नका. फेरी द्यायची की नाही हे न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), प्लेटलेट, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि आईंची एकूण तब्येत पाहून ठरते, आणि ते त्यांचे कॅन्सरतज्ज्ञच ठरवतील. आता आकड्याकडे वळू. रुग्णांच्या पेशी किती इंटरफेरॉन बनवतात हे मोजण्यातच माझी कामाची बहुतेक वर्षे गेली आहेत. अशा घसरणीने घाबरलेली माणसे मी पाहिली आहेत. ती घाबरतात ते बहुतेक वेळा अहवालावर जे छापलेले नसते त्यामुळे.

ही चाचणी आईंच्या रक्तात फिरणारे इंटरफेरॉन मोजत नाही. शांत पडलेल्या रक्तात इंटरफेरॉन गॅमा जवळपास नसतेच. निरोगी माणसाचे रक्तद्रव थेट तपासले तर बहुतेक वेळा यंत्राच्या मोजणीच्या तळाशीच आकडा येतो. म्हणून पेशींना आधी डिवचावे लागते. एक मिलिलिटर ताजे रक्त अशा ट्यूबमध्ये घेतात जिच्यात एनके पेशींना चेतवणारे द्रव्य आधीच भरलेले असते. ट्यूब ३७ अंशांवर साधारण एक दिवस उबवतात. त्या वेळात चेतलेल्या पेशी जे इंटरफेरॉन बाहेर टाकतात ते वरच्या रक्तद्रवात साठते, आणि ते एलायझा या, प्रतिपिंडांनी प्रथिन पकडून मोजण्याच्या पद्धतीने मोजतात. म्हणजे हाती येते ती एका ठरावीक डिवचण्याला, त्या ट्यूबमधल्या सगळ्या पेशींनी मिळून, एका दिवसात दिलेली एकूण बेरीज.

'सगळ्या पेशींनी मिळून' हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. तुमचेच आकडे घेऊन हिशेब मांडू. दर मायक्रोलिटरला २,००० लिम्फोसाइट म्हणजे एक मिलिलिटर रक्तात २० लाख. त्यातल्या साधारण दहा टक्के एनके पेशी धरल्या (हे प्रमाण माणसागणिक बदलते, पण हिशेबापुरते चालेल), तर ट्यूबमध्ये दोन लाख एनके पेशी होत्या आणि त्यांनी ४२० पिकोग्रॅम बनवले. दर लाख पेशींमागे २१०. आता लिम्फोसाइट ६०० आहेत, म्हणजे मिलिलिटरला सहा लाख आणि त्यात एनके साठ हजार. त्यांनी ७० बनवले. दर लाखामागे सुमारे ११७. अहवाल सांगतो की क्षमता सहापट घसरली. पेशीमागे पाहिले तर घसरण दुपटीपेक्षाही कमी आहे. उरलेला फरक पेशी कमी झाल्याचा आहे, आणि पेशी कमी होणे हा केमोचा सर्वांना माहीत असलेला, बहुतांशी भरून येणारा परिणाम आहे.

दहा टक्के हे मी धरलेले प्रमाण आहे, मोजलेले नाही. केमोत सगळ्या जातीच्या पेशी सारख्या प्रमाणात कमी होत नाहीत. खरे प्रमाण कळायला फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर, एनके पेशी मोजाव्या लागतात. ही मोजणी त्याच दिवशीच्या रक्तावर झाली नसेल तर मिलिलिटरमागच्या आकड्याला मी एकट्याने काहीच किंमत देत नाही. निदान लिम्फोसाइटचा आकडा तरी शेजारी हवाच. तुमच्याकडे तो आहे, हे बरे झाले.

पेशीमागे उरलेली घसरण तरी खरी आहे का? असू शकते. पण ती मानण्याआधी आणखी दोन-तीन गोष्टी तपासाव्या लागतील. त्यातली सगळ्यात मोठी मला माझ्याच चुकीतून कळली.

कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही कॅन्सरचे रुग्ण आणि निरोगी स्वयंसेवक यांच्या पेशींची तुलना करत होतो. रुग्णांच्या टी पेशी (लिम्फोसाइटचीच दुसरी एक जात) इंटरफेरॉन कमी बनवतात असे चित्र आले, आणि फरक एवढा ठळक होता की आम्ही खूश झालो. मग एका संध्याकाळी सॅम्पलची नोंदवही चाळताना लक्षात आले की स्वयंसेवकांचे रक्त सकाळी आमच्याच इमारतीत काढले जाई आणि तासाभरात पेशी वेगळ्या केल्या जात. रुग्णांचे रक्त बाह्यरुग्ण विभागात दुपारपर्यंत जमा होई आणि आमच्याकडे पाच-सहा तासांनी पोहोचे. आम्ही स्वयंसेवकांच्या ट्यूब मुद्दाम तेवढाच वेळ टेबलावर ठेवून प्रयोग पुन्हा केला. अंतर पूर्ण मिटले नाही, पण बरेच आटले. आम्ही ज्याला आजार समजत होतो त्यातला मोठा वाटा ट्यूबच्या प्रवासाचा होता. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक नोंदीत दोन वेळा लिहिल्या जातात: रक्त कधी काढले आणि पेशी कधी उबवायला ठेवल्या.

असे का होते तेही सांगते. रक्त ठेवून दिले की न्यूट्रोफिल पेशी चेततात, त्यांची घनता बदलते आणि त्या लिम्फोसाइटच्या थरात शिरतात. पेशी वेगळ्या करताना आपण रक्त १.०७७ घनतेच्या द्रावणावर अलगद सोडून फिरवतो. लिम्फोसाइट वर पांढुरक्या कड्यासारख्या तरंगतात, जड पेशी तळाला बसतात. शिळ्या रक्तात ते कडे लालसर, गढूळ दिसते. हाताला सवय झाली की ट्यूब उजेडासमोर धरताच कळते की आज आकडे खाली येणार. त्या कड्यात घुसलेल्या न्यूट्रोफिल पेशी टी पेशींना दाबतात. कॅन्सरच्या रुग्णांत अशा हलक्या झालेल्या न्यूट्रोफिल ताज्या रक्तातही जास्त असतात, म्हणून उशिराची झळ त्यांच्या सॅम्पलला अधिक बसते. तुमच्या आईंच्या चाचणीत पेशी वेगळ्या केल्या नाहीत, रक्त थेट ट्यूबमध्ये गेले, त्यामुळे ही विशिष्ट अडचण तिथे नाही. पण रक्त घेतल्यावर ट्यूब नीट हलवली होती का आणि ती किती वेळात उबवणीला गेली, हे दोन्ही प्रश्न तिथेही लागू होतात. दुसऱ्या वेळी रक्त घरी येऊन घेतले असेल तर हा प्रश्न प्रयोगशाळेला आवर्जून विचारा.

दुसरी गोष्ट औषधांची. केमोबरोबर उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन पुष्कळदा दिले जाते. ते स्टेरॉइड आहे, आणि इंटरफेरॉन गॅमाचे उत्पादन दाबणे हे स्टेरॉइडचे ठरलेलेच काम. फेरीनंतर दोन-चार दिवसांत रक्त घेतले असेल तर तुम्ही आईंच्या पेशी आणि डेक्सामेथासोन दोन्ही एकत्र मोजले आहेत. मोठी शस्त्रक्रियाही एनके पेशींना काही दिवस, कधी काही आठवडे मंद करते. नुकताच होऊन गेलेला ताप, अंगावरचा जंतुसंसर्ग, रक्त घेण्याआधीची धावपळ, झोप, दिवसाची वेळ, या सगळ्यांनी आकडा हलतो.

तिसरी गोष्ट छोटी आहे, पण तिने कितीतरी सॅम्पल वाया गेली आहेत. पेशींची कामगिरी पाहायची असेल तर रक्त हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) ट्यूबमध्ये घ्यायचे. साध्या रक्तमोजणीच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असते. ते कॅल्शियम बांधून ठेवते, आणि कॅल्शियमशिवाय पेशी चेततच नाहीत.

इथे थोडे मागे जाऊन इंटरफेरॉनबद्दल सांगायला हवे, कारण याच नावाखाली लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. १९५७ मध्ये लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांना कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर काम करताना एक द्रव्य सापडले. ते विषाणूंच्या वाढीत अडथळा आणत होते, म्हणून नाव इंटरफेरॉन. आज ज्यांना अल्फा आणि बीटा म्हणतो ती ही मंडळी. इंटरफेरॉन गॅमा १९६५ मध्ये वेगळेच दिसले, चेतवलेल्या पांढऱ्या पेशींतून. ते बनवतात मुख्यतः एनके पेशी आणि टी पेशी. काही कॅन्सरवर इंजेक्शन म्हणून दिले गेले ते अल्फा. तुमच्या अहवालातले गॅमा आहे. तेव्हा 'इंटरफेरॉन कमी आहे, मग इंटरफेरॉनचे इंजेक्शन द्या' हा तर्क इथे बसत नाही.

मोजण्याच्या पद्धतीही एकाहून अधिक आहेत आणि प्रत्येकीचे उत्तर वेगळ्या प्रश्नाचे असते. एलायझा एकूण बेरीज सांगते. कोणत्या पेशीने किती बनवले हे ती सांगू शकत नाही. पेशीच्या आत इंटरफेरॉन अडकवून ठेवायचे आणि रंगीत प्रतिपिंडे लावून फ्लो सायटोमीटरवर पाहायचे, ही दुसरी पद्धत. ब्रेफेल्डिन नावाचे द्रव्य घातले की पेशीचा बाहेर टाकण्याचा मार्ग बंद होतो आणि काही तासांत इंटरफेरॉन आत साचते. मग कळते की एनके पेशींपैकी किती टक्के कामाला लागल्या, आणि टी पेशींच्या सीडी८ व सीडी४ या दोन जातींतल्या किती. आईंच्या बाबतीत खरा प्रश्न हाच आहे, आणि तो एलायझाच्या एका आकड्यातून सुटणार नाही.

तिसरी पद्धत माझी आवडती, एलिस्पॉट. १९८३ मध्ये ती प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी मोजायला निघाली आणि पुढे इंटरफेरॉनसाठी वळवली गेली. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटच्या तळाशी पांढरा पडदा असतो, त्याला इंटरफेरॉन पकडणारे प्रतिपिंड लावलेले असते. प्रत्येक वेलमध्ये दोन-अडीच लाख पेशी सोडायच्या, कॅन्सरच्या प्रथिनाचे तुकडे घालायचे आणि प्लेट रात्रभर उबवायची. मधे प्लेटला धक्का लावायचा नाही. हलली तर ठिपके पुसट होऊन शेपटीसारखे ओढले जातात. सकाळी पेशी धुऊन रंग चढवला की जिथे जिथे एक पेशी बसून इंटरफेरॉन सोडत होती तिथे तिथे एक निळा-जांभळा ठिपका उमटतो: मध्ये गडद, कडेला विरत जाणारा. एक ठिपका म्हणजे एक पेशी. लाखांत एखादीच पेशी एखाद्या गाठीला ओळखत असली तरी ती इथे सापडते. कॅन्सरच्या लसींच्या अभ्यासात ही पद्धत इतकी वापरली जाते ती त्यामुळेच.

पण ठिपके दिसले म्हणजे झाले असे नाही. एकदा एका रुग्णाच्या प्लेटवर काहीही न घातलेल्या वेलमध्येही ठिपक्यांची गर्दी होती. त्या दिवशीचे इतर रुग्णही तसेच. पेशींना पोसायला वापरलेल्या सीरमची नवी बॅच होती आणि तीच पेशींना डिवचत होती. दुसऱ्या एका आठवड्यात उलटे झाले, सगळ्यांचे आकडे एकदम पडले. आम्ही प्रत्येक प्लेटवर एकाच निरोगी दात्याच्या गोठवून ठेवलेल्या पेशी लावतो. त्यांचाही आकडा पडलेला पाहिला आणि इन्क्युबेटर उघडून बघितला, तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर रिकामा झाला होता. तो दाता प्लेटवर नसता तर त्या आठवड्यातल्या सगळ्या रुग्णांना आम्ही 'प्रतिकारशक्ती क्षीण' असे लिहून दिले असते. म्हणून अहवाल हाती आला की मी आधी तीन गोष्टी शोधते: काहीही न घातलेल्या नमुन्याचा आकडा, सगळ्या पेशींना जोरात चेतवणाऱ्या द्रव्याचा आकडा आणि ओळखीच्या दात्याचा आकडा. पहिला फार वर असेल किंवा दुसरा खालीच असेल, तर मधला वाचण्यात अर्थ नाही.

एकाच माणसाचे रक्त लागोपाठच्या दोन दिवशी घेतले तरी आकडा थोडा हलतो. तो किती हलतो हे प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतः मोजून ठेवलेले असायला हवे. तो फरक माहीत नसेल, तर २१० आणि ११७ यांतले अंतर आईंचे की मोजणीचे, हे कुणीच सांगू शकणार नाही. आणि दोन्ही वेळा प्रयोगशाळा वेगळी असेल तर तुलना सरळ सोडून द्या.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. प्रतिकारशक्ती संपली का, कमी आकडा म्हणजे पुढे वाईट होणार का? या चाचणीच्या जाहिरातीत बऱ्याचदा २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या जपानी अभ्यासाचा आधार दिलेला असतो. सैतामा प्रांतातल्या ३,६२५ लोकांवर ११ वर्षे नजर ठेवली होती, आणि ज्यांच्या रक्तातल्या या नैसर्गिक मारक पेशींची ताकद कमी होती त्यांना पुढे कॅन्सर जास्त झाला. अभ्यास चांगला आहे. पण तिथे मोजली होती ती पेशींची मारण्याची क्षमता, इंटरफेरॉन नव्हे. आणि ती मोजली होती आजार नसलेल्या माणसांत, केमो चालू असलेल्या रुग्णांत नव्हे. त्या निष्कर्षाची फूटपट्टी तिसऱ्या फेरीतल्या आईंना लावणे चूक आहे.

आणखी एक मोठी गोष्ट. शितावरून भाताची परीक्षा करतात, पण त्यासाठी शीत आणि भात एकाच भांड्यातले असावे लागतात. रक्त आणि गाठ ही दोन वेगळी भांडी आहेत. गाठीत शिरलेल्या टी पेशी दमलेल्या असू शकतात आणि त्याच वेळी रक्तातल्या पेशी ट्यूबमध्ये भरपूर इंटरफेरॉन बनवू शकतात. याच्या उलटही होते. पेशी दमत जातात त्यालाही एक क्रम असतो. इंटरल्युकिन २ बनवणे आधी सुटते, मग टीएनएफ (ही दोन्हीही पेशींची निरोपाची प्रथिने), आणि इंटरफेरॉन गॅमा बरेच शेवटी. म्हणजे इंटरफेरॉन चांगले आले तरी पेशी ताज्यातवान्या आहेत असे म्हणता येत नाही.

शिवाय इंटरफेरॉन गॅमा एका बाजूचे नाही. ते गाठीच्या पेशींना आपली ओळख टी पेशींसमोर अधिक उघड करायला लावते, हे आपल्या फायद्याचे. पण त्याच इंटरफेरॉनमुळे गाठ आपल्या अंगावर पीडी-एल१ नावाचे प्रथिन चढवते आणि टी पेशींना थोपवते. आजची इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला मोकळे करणारे उपचार) अशाच अडवणुकीला हात घालते. त्यामागच्या शोधांना २०१८ चे नोबेल मिळाले, जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना. काही रुग्णांत औषधाने आधी गाठ आक्रसते आणि नंतर ती परत वाढते. अशा काही गाठींत जेएके१ किंवा जेएके२ या जनुकांत बिघाड सापडला आहे. ही जनुके इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत पोहोचवतात. तिथे रक्तातल्या पेशी कितीही इंटरफेरॉन बनवोत, गाठीला ते ऐकूच येत नाही. हे सगळे ट्यूबमधल्या आकड्यात कुठून दिसणार?

मग ही मोजणी निरुपयोगी का? मुळीच नाही. सीएआर-टी पेशी, म्हणजे कॅन्सर ओळखायला प्रयोगशाळेत बदललेल्या टी पेशी, रुग्णाला देण्याआधी त्या कामाच्या आहेत का, हे पाहताना त्यांना लक्ष्य पेशींसमोर ठेवून त्या किती इंटरफेरॉन सोडतात हे मोजतात. लसीच्या अभ्यासात लस टोचण्याआधी आणि नंतर एकाच माणसाचे सॅम्पल एकाच प्लेटवर लावले की फरक विश्वासाने वाचता येतो. आणि केमो किंवा स्टेरॉइड सुरू करण्याआधी सुप्त क्षयासाठी जी रक्तचाचणी करतात तीही याच तत्त्वावर असते: क्षयाच्या जंतूंच्या प्रथिनांना पेशी इंटरफेरॉनने उत्तर देतात का. त्या चाचणीत एक ट्यूब पेशींना सरसकट चेतवणारी असते. लिम्फोसाइट फार कमी असलेल्या रुग्णात ती ट्यूबही गप्प राहते आणि अहवाल 'अनिर्णित' येतो. अनिर्णित म्हणजे क्षय नाही असा अर्थ काढू नका. पेशींनी कशालाच उत्तर दिले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. आईंची ती तपासणी झाली असेल आणि अहवालावर हा शब्द असेल, तर डॉक्टरांना तो जरूर दाखवा. या दोन अहवालांपैकी उपचारात बदल करू शकणारा तो आहे.

आकडा वर आणायला काय द्यावे? या कामासाठी विकली जाणारी पूड, काढा, गोळी आईंना देऊ नका. ट्यूबमधला आकडा वाढला म्हणून कॅन्सरच्या रुग्णाचे भले झाले असे सिद्ध झालेले नाही, आणि अशा काही गोष्टींची केमोच्या औषधांशी गाठ पडून यकृताला त्रास होऊ शकतो. पेशी परत यायला लागतात ते दिवस, पोटभर प्रथिने असलेले अन्न, झेपत असेल तेवढे चालणे आणि जंतुसंसर्गापासून जपणूक. हे आईंसाठी करा, आकड्यासाठी नाही. आणि एक आठवण: केमो चालू असताना ताप ३८ अंशांच्या वर गेला तर थेट रुग्णालय गाठायचे, तेव्हा इंटरफेरॉनचा अहवाल आठवत बसायचे नाही.

चाचणी परत करायचीच असेल तर पुढच्या फेरीच्या दिवशी, औषध सुरू होण्याआधी सकाळी करा. म्हणजे मागचे स्टेरॉइड देऊन बरेच दिवस झालेले असतील. प्रयोगशाळा तीच ठेवा. त्याच टोचणीत लिम्फोसाइटची मोजणी आणि शक्य असल्यास फ्लो सायटोमीटरवर एनके पेशींची संख्या करून घ्या. रक्त काढल्याची आणि ट्यूब उबवणीला लावल्याची वेळ लिहून मागा. ते आकडे आले की वर केला तसा भागाकार करा, आणि माझ्या धरलेल्या दहा टक्क्यांच्या जागी आईंच्या एनके पेशींचे खरे प्रमाण घाला.